तिरप्या उन्हातले सांधे

१

दुपारचे तीन वाजले की ब्लांदीन हातातलं काम तसंच टाकून मागच्या खोलीत जायची आणि भिंतीला गाल टेकवून उभी राहायची.

कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, बाईचं डोकं फिरलं. पण ही तिच्या नवऱ्याची शिकवण होती. आदेलारने एकतीस वर्षं भिंतींचं काम केलं. आधी ओल्या गिलाव्याचं, आणि प्लास्टरचे तयार तक्ते निघाल्यापासून तक्त्यांमधले सांधे बुजवायचं. तो म्हणायचा, "भिंतीकडे समोरून बघू नये. समोरून सगळ्याच भिंती साध्वी. कडेने बघ, तिरप्या उजेडात. मग कळतं कुणाच्या पोटात काय आहे ते." जानेवारीत सूर्य देवदारांच्या शेंड्यांवरूनच चालतो. तीनच्या सुमाराला ऊन खिडकीतून शिरून भिंतीवर आडवं होतं, आणि तांदळाएवढा उंचवटासुद्धा लांबलचक सावली टाकतो.

खोली म्हणजे त्यांचं उन्हाळी स्वयंपाकघर. उन्हाळ्यात चुलीची धग घरात नको म्हणून घराच्या पाठीला जोडलेलं, हिवाळ्यात कडी लावून ठेवायचं. नोव्हेंबरात आदेलारची उजवी बाजू गेली, वाचाही गेली, आणि आता जानेवारीत इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मादाम त्युर्जों, जिना आता विसरा. खाली उबदार, कोरडी, पुरी झालेली खोली असेल तर मी त्यांना घरी सोडतो. अर्धवट बांधकामात नाही. पुढच्या बुधवारपर्यंत सांगा. नाहीतर नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात एक पलंग राखून ठेवलाय."

नदी म्हणजे तिथे समुद्रच. हिवाळ्यात पलीकडे जायचं तर बर्फ आणि बोट दोघांचीही मर्जी लागते. पलीकडे गेलेला म्हातारा वसंतात परत येतो तो पेटीतूनच, हे गावाला ठाऊक होतं.

शनिवारी गावचे सात पुरुष आले. कोणाचं काम अडलं की सगळ्यांनी जायचं, ही तिथली रीत. दिवसभर हातोड्यांचा पाऊस पडला, चारी भिंतींना तक्ते ठोकले गेले, वाटाण्याच्या सूपाचं मोठं पातेलं रिकामं झालं. पण सांध्यांचं नाव काढताच सगळे टोप्या शोधायला लागले.

"आदेलारच्या घरात सांधे बुजवायचे?" शेजारचा रोझेर म्हणाला. "त्यापेक्षा मी पोपसमोर उभा राहून गाणं म्हणेन. पोप निदान माफ तरी करतो."

गावातले दुसरे दोन सांधेवाले उत्तरेला धरणाच्या कामावर गेलेले. म्हणून रविवारी ब्लांदीनने कोनाड्यातल्या सेंत आनच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. सेंत आन म्हणजे मारियेची आई, येशूची आजी; त्या किनाऱ्यावरच्या बायका नवस बोलतात तो तिलाच. ब्लांदीन म्हणाली, "आई, उद्यापासून नऊ दिवस मी तुझी प्रार्थना करीन, आणि नऊ दिवसांत या खोलीचे सांधे माझ्या हातांनी असे बुजवीन की तिरप्या उन्हातसुद्धा दिसणार नाहीत. दुसरा हात भिंतीला लागू देणार नाही. तू त्याला घरी आण."

घेतला वसा टाकायचा नाही, हे तिला आईने शिकवलेलं. आजवर तिने एकही टाकला नव्हता.

२

सोमवारी तिने सगळ्या सांध्यांवर लांबी लावून कागदी पट्ट्या दाबल्या. एकूण अकरा उभे सांधे. लांबी म्हणजे ते लोण्यासारखं पांढरं मिश्रण. दिसायला केकवरची साय, लावायला गेलं की चिकट गाढव. ब्लांदीनची उंची जेमतेम पाच फूट. वरचा भाग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चढून करायचा, मग खाली उतरून खालचा. जिथे उतरायची तिथे लांबी ओढायच्या रुंद पात्याचा ओघ तुटायचा आणि लांबीला ओठासारखी कड यायची. प्रत्येक सांध्याला तेवढ्याच उंचीवर तोच ओठ.

"आभार, सेंत आन," ती तरीही म्हणाली. "पट्ट्या सरळ बसल्या." आभार मानायची तिला खोडच होती. लाकडं सुकी निघाली, आभार. पाव करपला नाही, आभार.

मंगळवारी सकाळी लांबीचा दुसरा थर दिला. हवा कोरडी राहावी म्हणून कपड्यांच्या दोरीवर जपमाळ टांगली. लग्नाच्या आदल्या दिवशी पाऊस नको म्हणून तिथे टांगतात तशी. बारा वाजता पुढच्या स्वयंपाकघरात येऊन पावाला काकवी लावून खाल्ली. एक वाजता इस्पितळातून सिस्टर क्लोतिल्दचा फोन यायचा, तो आला.

"बरे आहेत, मादाम. सूप प्यायले. आता डोळा लागलाय."

फोन ठेवून ती भांडी घासायला लागली. मागच्या खोलीतून आवाज येत होता. सर्रर्र... आणि मग टक. थोडा वेळ शांत. पुन्हा सर्रर्र... टक. ब्लांदीनने दोन ताटल्या घासल्या, तिसरी घासली. घरात एकतीस वर्षं ऐकलेला आवाज तो. कानाला तो घड्याळासारखा. चालू असेपर्यंत ऐकूच येत नाही. पातं भिंतीवरून ओढायचं, आणि पात्यावरची लांबी तसराळ्याच्या काठावर झटकायची. टक.

चौथी ताटली तिच्या हातात तशीच राहिली.

आवाज थांबला होता. चुलीतलं लाकूड असेल, तिने स्वतःला सांगितलं. छपरावरून बर्फ घसरला असेल.

तीन वाजता तिने भिंतीला गाल लावला. खिडकीजवळच्या पहिल्या सांध्याला ओठ नव्हता. छतापासून जमिनीपर्यंत एकच ओढ होती, कुठेही न तुटलेली, रेशमासारखी. खुर्चीवर न चढता छताला हात पोचणाऱ्या माणसाने ओढावी तशी.

लांबी सुकताना खाली बसते, ती मनाशी म्हणाली. आदेलारच सांगायचा. बसताना ओठही बसला असेल.

पण तिने त्या दिवशी आभार मानले ते जरा हळू आवाजात.

३

बुधवारी नणंद आली. इमेल्दा आदेलारची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ, हाताने मोकळी. बूट काढायच्या आधीच तिने मागच्या खोलीत डोकं घातलं आणि भिंतीवरून पंजा फिरवला. पंजा फिरता फिरता थांबला.

"कोणाला बोलावलंस ग गुपचूप?"

"कोणाला नाही."

"ब्लांदीन. तुझ्या हातचा ॲपल-पाय मी खाल्लाय. तुला कड साधी मुडपता येत नाही. हा सांधा तू केलास?"

"मीच लावली लांबी. देवाशपथ."

"लावली असशील. ओढली कोणी?" इमेल्दाने पुन्हा हात फिरवला, या वेळी हलक्या बोटांनी, झोपलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. "हे आमच्या आदेलारचं काम आहे बाई. मी डोळे मिटून सांगेन."

चुलीवर किटली कुरकुरत होती.

"माझा नवस आहे," ब्लांदीन शेवटी म्हणाली. "दुसरा हात लागू द्यायचा नाही असा. मोडला का ग तो?"

"तू लावू दिलास का? नाही ना? मग झालं तर." इमेल्दाने खांदे उडवले. "सेंत आनने स्वतः पातं धरलं असेल. मजुरी मागत नाही, जेवायला थांबत नाही. तू गप्प बस आणि कॉफी कर."

ब्लांदीनला हसू आलं. त्या दिवशी तिने मूर्तीपुढे एकाऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या. खरंच तिला वाटलं, की आपल्यासारख्या बुटक्या, थकल्या बाईची कोणाला तरी दया आली. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या वर कृतज्ञता तरंगत होती, दुधावर साय यावी तशी.

फक्त एक गोष्ट तिने इमेल्दाला सांगितली नाही. त्या दिवशीचा नवा सांधा छतापासून नव्हता. माणसाच्या डोक्याच्या उंचीपासून खाली तेवढा गुळगुळीत होता. त्याच्या वर तिचंच ओबडधोबड काम, ओठासकट, जसंच्या तसं.

४

गुरुवारी गुळगुळीतपणा खांद्यापासून सुरू झाला.

शुक्रवारी छातीपासून.

ती आवाज चालू असताना मागच्या खोलीत जात नसे. एकदा गेली होती, तर दाराची मूठ फिरताच सगळं थांबलं, आणि खोलीत नुसता ओल्या लांबीचा वास आणि उघडा डबा. त्याला त्रास नको, असं तिला वाटलं. कोणाला, हे तिने मनातसुद्धा म्हटलं नाही.

"आज बसायला तयार नाहीत, मादाम," सिस्टर क्लोतिल्द फोनवर म्हणाली. "काल उशीला टेकून बसत होते. आज मान धरत नाही."

"जेवले?"

"दोन चमचे." सिस्टर शेतकऱ्याची मुलगी होती, आडपडदा न ठेवता बोलायची. "मादाम, एक विचारू? तुम्ही रविवारी येता तेव्हा त्यांना काही पिठाचं खायला देता का? केक वगैरे?"

"नाही. का बरं?"

"नखांत पांढरं असतं. मी रोज सकाळी ब्रशने धुते. संध्याकाळी पुन्हा असतं. उजव्या हाताच्या."

ब्लांदीनने फोनची तार बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. उजवा हात तर मेलेला होता. डॉक्टरांनी टाचणी टोचून दाखवली होती.

मागच्या खोलीतून आवाज येत होता. सर्रर्र. आता ओढ आखूड झाली होती, आणि दोन ओढींच्या मधली शांतता लांब. कोणीतरी दम खात होतं.

शनिवारी सहावा दिवस. सांधा कमरेपासून खाली गुळगुळीत होता.

५

रविवारी काम नाही. आदेलारने उभ्या जन्मात रविवारी पात्याला हात लावला नव्हता, आणि ब्लांदीननेही नवसात तसंच धरलं होतं. सातवा दिवस नुसत्या प्रार्थनेचा. चर्च सुटल्यावर इमेल्दाने तिला गाडीतून इस्पितळात नेलं. बाराला पोचल्या. इमेल्दा खाली गाडी गरम ठेवत बसली. तिला इस्पितळाचा वास सोसत नसे.

आदेलार पलंगात बुडालेला होता. एवढा थोरला माणूस, दारातून वाकून यायचा, तो चादरीखाली असा सपाट दिसत होता की ब्लांदीनने पटकन त्याचे पाय चाचपले. डोळे उघडे होते. तिला बघून डाव्या गालावर जरा हालचाल झाली.

"काय रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "खोली झालीय जवळजवळ. तुझ्या बहिणीला पसंत पडली, म्हणजे बघ."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग भिंतीवरचं घड्याळ एकवर आलं, आणि डोळे उघडेच असताना तो त्यांच्यातून निघून गेला. दिवा चालू ठेवून माणसाने खोलीबाहेर जावं तसा. आणि चादरीवर उजवा हात हलायला लागला.

वरून खाली. लांब, सावकाश. मनगट जरा वळवून. मग पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटं आपटली. टक.

"रोज एक ते तीन," पाठीमागून सिस्टर क्लोतिल्द म्हणाली. ती कधी आली ते ब्लांदीनला कळलं नव्हतं. "डॉक्टर म्हणतात झटके आहेत. असतील. मी शिकलेली कमी." तिने चादर बाजूला केली. आदेलारचे गुडघे आणि कोपरं सोलवटलेली होती, लहान मुलांची असतात तशी. "कठडा वर असतो, मादाम. दिवसरात्र. ते कुठे पडलेले नाहीत. मी दोनदा मोजून घेतलं, पलंगावर माणूस एकच होता आणि तो इथेच होता." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि तरी एक ते तीन ते इथे नसतात. प्रार्थना करा."

ब्लांदीनने तो हात दोन्ही हातांत धरला. तो थंड होता, आणि तिच्या पकडीतसुद्धा ओढ घेत राहिला. तिने त्याचं बोट नाकाशी नेलं. ओल्या लांबीचा वास आला.

घरी पोचेस्तोवर अंधार पडत होता. मागच्या खोलीत डब्याचं झाकण काढलेलं होतं. सहाव्या सांध्यावर नवा हात फिरला होता. रविवारी.

गुडघ्यापासून खाली.

६

सोमवारी तिने लांबीचा डबा उचलून पुढच्या स्वयंपाकघरात आणला, मागची खोली झाडली, कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. आठवा दिवस होता. पाच सांधे तिच्या हातचे, ओठवाले, अजून व्हायचे होते. पण आज कोणीच काही करणार नाही, असं तिने ठरवलं.

मग खुर्चीत बसून तिने डोकं चालवायचा प्रयत्न केला. आपल्याला वेड लागलंय, हे एक. दुसरं, गावातलं कोणी येऊन थट्टा करतंय. पण थट्टा करणाऱ्याची उंची रोज वीतभर कमी कशी होईल? भिंतीवरच्या त्या खुणा तिने उलट्या लावून बघितल्या, सुलट्या लावून बघितल्या. आधी उभा राहून. मग वाकून. मग गुडघ्यांवर. एकाच माणसाचं काम होतं ते, आणि तो माणूस उतरत चालला होता.

तिला त्यांच्या लग्नाचा दिवस आठवला. नवरदेव चर्चमध्ये अर्धा तास उशिरा आला, केसांत पांढरी धूळ घेऊन. तिचा बाप संतापाने लाल. आदेलार सगळ्यांदेखत म्हणाला, "एक सांधा ओला होता. तो तसाच सोडून मी तुमच्या मुलीचा हात कुठल्या तोंडाने मागू?" तेव्हा सगळे हसले होते. तीही. आता तिला हसू आलं नाही. सुरू झालेला सांधा त्याने आयुष्यात कधी सोडला नव्हता. आणि हे सांधे तर त्याच्याच खोलीचे होते, आणि लावणारी त्याची बुटकी बायको.

एकचा फोन आला. ताप होता. डॉक्टर म्हणाले होते, बुधवारी हलवता येतील की नाही, बघू.

कुलपाआड आवाज सुरू झाला. नुसतं कोरडं पातं. सर्र. खूप वेळाने, सर्र.

"नको रे," ब्लांदीन दाराला कपाळ लावून म्हणाली. "पुरे. मी करीन."

सर्र.

तीनला तिने कुलूप उघडलं. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत जुनाच सांधा पुन्हा घासला गेला होता. आणि सकाळी झाडलेल्या जमिनीवर भिंतीतून झडलेली पांढरी भुकटी पसरली होती, आणि तिच्यात दारापासून भिंतीपर्यंत एक रुंद पट्टा पुसला गेला होता. पोटावर सरपटत गेल्यासारखा. दोन्ही बाजूंना कोपरांचे खड्डे. उजवा खोल, डावा उथळ.

७

मंगळवार, नववा दिवस. प्रार्थना म्हणून झाली, आणि ब्लांदीन एकच्या आधीच खोलीत जाऊन बसली, खुर्ची कोपऱ्यात घेऊन. दार उघडं. लांबीचा डबा आत आणलेला, कारण नसता आणला तर कोरडं पातं त्याला जास्त दमवतं, हे काल तिने ऐकलं होतं.

फोन वाजला. तिने उचलला नाही. वाजून वाजून थांबला.

बराच वेळ काही झालं नाही. चुलीत लाकूड तडकलं. खिडकीवर बर्फाची रांगोळी होती, तिच्यातून ऊन आत शिरलं आणि हळूहळू भिंतीकडे सरकायला लागलं. ब्लांदीनचे पाय गार पडले होते. असं वाटलं, आता होणारच नाही काही, आणि तेवढ्यानेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आभार म्हणायला तोंड उघडलं.

पलीकडच्या टोकाच्या सांध्यावर, जमिनीलगत, तिने सकाळी लावलेली ओली लांबी सपाट व्हायला लागली.

पातं दिसत नव्हतं. नुसती लांबी, आपोआप, वीतभर, मग बोटभर. थांबत. पुन्हा बोटभर.

ब्लांदीन खुर्चीवरून उतरली. गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली, आणि तिने एकतीस वर्षांच्या शिकवणीप्रमाणे गाल भिंतीला टेकवून कडेने बघितलं. भिंत तिच्या डोळ्यापासून लांब, उजळ, रस्त्यासारखी पसरली.

दुसऱ्या टोकाला, जमिनीलगत, आणखी एक गाल भिंतीला टेकलेला होता.

कान दिसला. पांढऱ्या भुकटीने माखलेले कल्ले दिसले. इस्पितळाच्या झग्याची नाडी, गाठ सुटलेली. डोळा दिसला नाही, तो भिंतीच्या कडेआड होता; तो दिसला नाही याबद्दल ब्लांदीनने पुढे आयुष्यभर देवाचे आभार मानले. श्वास मात्र ऐकू आला. ओला, तुटका. जिना चढून आलेल्या माणसाचा.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "जा परत."

कल्ला हलला. पातं चालत राहिलं.

तिला कळत होतं. आजचा दिवस त्याला करू दिलं तर सांधे होतील. नवस पुरा होईल, भिंत आरशासारखी होईल, आणि खोलीत राहायला माणूस उरणार नाही. आणि तो सोडणार नाही. विनवण्या त्याने ऐकल्या नसत्या. ओल्या सांध्यासाठी त्याने चर्चभर माणसं ताटकळत ठेवली होती.

एकच गोष्ट सांधेवाल्याला थांबवते. रंग. ब्रश एकदा फिरला की त्याचं काम संपलं, मग भिंत कशीही असो. नव्या रंगावर पातं लावणं म्हणजे पुरलेलं मढं उकरणं, असं आदेलारच म्हणायचा. आणि एकतीस वर्षांत त्याच्या सांध्याला त्याने हो म्हटल्याशिवाय कोणी ब्रश लावला नव्हता.

पांढरा रंग इमेल्दा संध्याकाळी आणणार होती. घरात होता तो फडताळातला पिवळा, चकचकीत, ज्याच्यात माशीचा पायसुद्धा लपत नाही. ब्लांदीनने धावत जाऊन डबा आणला, चमच्याच्या दांडीने झाकण उचकटलं. मूर्ती तिथूनच दिसत होती.

"सेंत आन," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मी नवस मोडते आहे. सांधे दिसणार. सगळे दिसणार. तू आजी आहेस, मुकादम नाहीस. नातवंडाने फुटका पेला आणून दिला तर आजी पेला बघत नाही. शिक्षा करायची तर माझ्या गुडघ्यांना कर, त्यांना सवय आहे. त्याला नको."

आणि तिने पहिला ब्रश त्या ओल्या लांबीवरच मारला. कच्च्यावर. ओठांवर, खड्ड्यांवर, उचललेल्या पट्टीवर. लांबी रंगात कालवली गेली, ओघळली, गोळे झाले. तिच्या आयुष्यात तिने इतकं वाईट काम केलं नव्हतं. टक, झालं कुठेतरी, तिच्या गुडघ्याशी. मग आणखी एकदा, रागाने झाल्यासारखं, टक. तिने मान वर केली नाही. "संपलं," ती म्हणत राहिली, "संपलं हो. रंग लागला. जा." खुर्चीवर चढली, उतरली, सरकवली, पुन्हा चढली.

फोन पुन्हा वाजायला लागला.

तिने उचलला नाही. जे काही ते सांगणार होते ते ऐकायच्या आधी अकराच्या अकरा सांधे झाकायचे होते. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. पिवळा रंग तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. शेवटचा सांधा झाला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं.

खोलीत तिच्याशिवाय कोणाचा श्वास नव्हता.

ती पुढे आली आणि पुन्हा वाजणारा फोन रंगाच्या हाताने उचलला.

"कुठे होतात मादाम?" सिस्टर क्लोतिल्द ओरडलीच. "तीनदा केला! त्यांचा हात थांबला. अडीचला, एकाएकी. मी घाबरले, म्हटलं गेले. मग काय झालं सांगू? घोरायला लागले. सगळा वॉर्ड हलवताहेत. ताप उतरलाय."

ब्लांदीन तिथेच जमिनीवर बसली. तिला आभार म्हणायचे होते, पण ओठ जुळेनात.

८

बुधवारी दोन माणसांनी आदेलारला स्ट्रेचरवरून आत आणलं. रंगाच्या वासावर बरोबर आलेल्या डॉक्टरांनी नाक मुरडलं, सगळ्या भिंती कोरड्या आहेत का ते बोटाने दाबून पाहिलं, काहीतरी पुटपुटले आणि कागदावर सही केली.

"हे काय केलंस ग?" इमेल्दा दारातून म्हणाली. "सेंत आन संपावर गेली की काय?"

"चूप बस," ब्लांदीन म्हणाली, आणि दोघी हसल्या, आणि मग इमेल्दाने तोंड फिरवून नाक पुसलं. ती आणि डॉक्टर गेल्यावर घर शांत झालं.

तीन वाजले. ऊन भिंतीवर आलं. चकचकीत पिवळ्यात एकेक सांधा उठून उभा राहिला. ओठ, गोळे, ओघळ, पट्टीची सुटलेली टोकं. वाऱ्याने मारलेल्या बर्फासारखी दिसत होती भिंत.

आदेलारने मान वळवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. नोव्हेंबरपासून त्याने एक शब्द उच्चारला नव्हता. डावा ओठ हलला, थांबला, पुन्हा हलला.

"गा... गाढवाने?" तो म्हणाला.

ब्लांदीनने दोन्ही हात तोंडावर धरले. "हो," ती म्हणाली. "गाढवाने. तुझ्या लग्नाच्या गाढवाने."

तो डाव्या गालाने हसला. मग हसू ओसरलं, आणि तो बराच वेळ भिंतीच्या खालच्या कडेकडे, जिथे भिंत जमिनीला मिळते तिथे, बघत राहिला.

"गार," तो म्हणाला.

"पांघरूण देऊ?"

"नाही." शब्द शोधत त्याने डोळे मिटले. "जमीन. जमीन गार... होती."

ब्लांदीनने पांघरूण त्याच्या हनुवटीपर्यंत ओढलं आणि पलंगाच्या कडेवर बसून त्याचा उजवा हात मांडीवर घेतला. नखं स्वच्छ होती. एक ते तीन तो हात हलला नव्हता; आता साडेतीन झाले, आणि तो तिच्या मांडीवर पडून राहिला, जड, निर्जीव, एका जागी. डॉक्टर म्हणाले होते, तो हात आता पुन्हा कधी हलायचा नाही.

"आभार, सेंत आन," ब्लांदीन म्हणाली, आणि तो तसाच धरून ठेवला.